दहा वाजून चाळीस मिनिटं

१

आठ मार्चला आम्ही जिंकलो आणि सोळा मार्चला हरलो. मधल्या आठ दिवसांत एकही सामना झाला नाही.

आम्ही म्हणजे हिंगोलीचा कयाधू क्लब, राज्य महिला फुटबॉलच्या अव्वल लीगमधला सगळ्यात गरीब संघ. आठ संघ, चौदा सामने, आणि तळाला राहील तो बाहेर. मागच्या वर्षी पहिल्यांदा वर आलो आणि टिकलो, तेव्हा लोक म्हणाले नशीब. यंदा पाचवे आलो, तेव्हा त्यांना म्हणायला काही उरलं नाही. मी संघात काय करते म्हणाल, तर घरच्या सामन्याला गेटवर तिकिटं फाडते. बावीस वर्षं एसटीत वाहक होते. भांडणं, खिसेकापू, एक बाळंतपण, सगळं चालत्या गाडीत निस्तरलं आहे. चांगुणा खिल्लारे म्हटलं की आगारात आजही लोक खुर्ची देतात.

माझी लेक सपना संघाची गोलरक्षक आणि कप्तान. वय बत्तीस. एका खाजगी शाळेत तासावर पोरांना कवायत शिकवते. लीगचे लागोपाठ दोन हंगाम पुरे केले की खेळाडूचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर सरकारी नोकरीतली राखीव जागा मागता येते. सपनाचा एक हंगाम झाला होता, दुसरा आठ मार्चला झाला. नोकरीसाठी वयाची अट येत्या जुलैत संपत होती. म्हणजे हाच हंगाम, पुढचा नाही.

सोळा तारखेला विश्रामगृहाच्या खोलीत लीगच्या चौकशी समितीचे तीन पाहुणे बसले होते. अध्यक्षांनी पाकिटातून एक कागद काढून वाचला आणि माझ्या हातात दिला, कारण मी हात पुढे केला होता. टाईप केलेला मजकूर, खाली सही नाही. कागदाच्या उभ्या घड्या नीट घातलेल्या. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

मजकूर असा: "कयाधू क्लबची खेळाडू प्रतिक्षा भागवत पोले हिची एक जून दोन हजार आठ ही जन्मतारीख खोटी आहे. तिचा जन्म चौदा नोव्हेंबर दोन हजार सहा रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी झाला. कळमनुरीच्या सरकारी दवाखान्याचं रजिस्टर बघावं."

लीगचा नियम आहे की मैदानात सतत दोन खेळाडू अठराच्या आतल्या हव्यात. आमच्या दोघींपैकी एक ही प्रतिक्षा, कनेरगाव नाक्याची, यंदा अकरा गोल मारलेली. पाहुण्यांनी रजिस्टरची नक्कल आणलीच होती. शालू भागवत पोले, मुलगी झाली, चौदा नोव्हेंबर, दाखल अकरा वाजून पाच मिनिटांनी. जन्मवेळेचा रकाना कोरा.

निकाल तिथेच दिला. प्रतिक्षा खेळली ते सगळे सामने बाद. आम्ही पाचव्यावरून आठव्यावर, लीगच्या बाहेर. संघाचा हंगाम अपूर्ण धरला जाईल. यादीवर सही केली म्हणून प्रशिक्षक हरीशला वर्षभर बंदी. दाखला शाळेचा, म्हणून पोरीचा दोष नाही. लीगच्या दप्तरी तिचं वय आजपासून एकोणीस.

प्रतिक्षा खाली बघत रडत होती. सपनाने एवढंच विचारलं, "सर, ही तारीख आता पक्की झाली ना? परत कुणी बदलणार न्हाई?"

"पक्की," अध्यक्ष म्हणाले.

मला वाटलं, लेक बुडताना काडी धरून बघते आहे. माझं डोकं फिरलं. आम्ही बाहेर पडल्यामुळे वाचला होता तो वाशीमचा संघ, आणि वाशीमच्या लोकांसोबत हरीशला चहा पिताना अख्ख्या गावाने पाहिलं होतं. बाहेर व्हरांड्यात मी त्याच्या शर्टाला हात घातला. पंधरावीस माणसांसमोर त्याला चोर म्हटलं, मीठ खाऊन उलटलेला म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

त्याने शर्ट सरळ केला. मग म्हणाला, "वाशीमनं विचारलं व्हतं, मी न्हाई म्हणलो. तुमाला पटणार न्हाई, राहू द्या. पर मावशी, एवढंच सांगा. दवाखान्याच्या रजिस्टरात बी नाही ती वेळ, दहा चाळीस, मला कुठून ठाव असंल?"

२

त्या प्रश्नाने माझी आठ दिवस झोप गेली.

रजिस्टरमध्ये फक्त दाखल झाल्याची वेळ होती, अकरा पाच. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने रजिस्टर चाळून तारीख शोधली नव्हती. त्याला तारीख आधीच माहीत होती आणि वेळही. रजिस्टर त्याने फक्त साक्षीला बोलावलं. आता असा माणूस कोण? खेड्यातल्या लेकराची जन्माची वेळ सख्ख्या आईला सांगता येत नाही, तिथे मिनिटासकट?

मी सपनाला म्हटलं, "लिही. तीन नावं." माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरातलं लिहिणं ती पाचवीत होती तेव्हापासून तिच्याकडे.

"आई, जाऊ दे ना," ती म्हणाली. "झालं ते झालं. अन् हरीश सरला काही बोलू नको तू."

"तुझ्या ताटातला घास कुणी ओढला ते मला बघायचंय. लिही. हरीश. संतराम गुरुजी. भागवत पोले."

तिने लिहिलं, कागदाची उभी पट्टी केली आणि मला दिली. मी ती बोटांत अडकवून सकाळची वाशीम गाडी धरली.

संतराम गुरुजी कनेरगाव नाक्याला राहतात. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या क्लबचे सचिव. प्रतिक्षाला पहिलीत नाव घालून घेतलं ते यांनीच. मी ओसरीवर टेकले आणि सरळ विचारलं, "गुरुजी, एक जून कुणी लावली?"

"मीच," ते म्हणाले. त्यांना लाजही वाटली नाही. "बाई, माझ्या शाळंत दर साली वीस लेकरं एक जूनला जन्मायची. बापाला इचारलं तारीख, तर तो म्हणतो सोयाबीन काढणीच्या टायमाला झालं. आता रजिस्टरात सोयाबीन काढणी लिहू का मी? पहिलीला सहा वर्षं पुरी लागतात. मग सहा धरायचे अन् एक जून टाकायची. ही पोरगी उशिरा आली शाळंत, शेरडं राखत व्हती. दिसायला बारीक, म्हणून मी सहाच धरले."

"मग खरी तारीख तुम्हाला माहीत होती?"

"खरी ठाव असती तर खोटी काहून लिहिली असती?"

हे उत्तर बराबर होतं. गुरुजींना तारीख खोटी आहे हे ठाऊक होतं. खरी ठाऊक नव्हती. शिवाय क्लब बुडाला तर त्यांचं सचिवपद बुडणार होतं, आणि गावात त्यांच्याजवळ मिरवायला दुसरं काही नाही.

उठताना त्यांनी मला थांबवलं. पेटीतून एक पत्र काढून दाखवलं. बंगळूरच्या एका मोठ्या क्लबने प्रतिक्षाला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. राहणं, खाणं, शिक्षण, पगार. करार एकतीस मार्चच्या आत व्हायला हवा. खेळाडू अठराच्या आतली असेल तर वडिलांची सही.

"भागवतनं सही केली?"

"त्यानं पत्र बी हातात धरलं न्हाई. पोरगी अन् कप्तान दोनदा येऊन गेल्या, गुरुजी तुमी सांगा म्हणून. मी गेलो सांगायला. मला पाण्याला इचारलं न्हाई त्यानं." गुरुजींनी पत्र आडवं तीनदा दुमडलं आणि पाकिटात सारलं. "आता त्याच्या सहीची गरज न्हाई राहिली म्हणा. लीगनं तिला एकोणीसची केली. पोरगी आपली आपण सही करू शकती."

मी ओसरीच्या पायरीवर थबकले. आठ दिवस मी एकच विचारत होते, या तक्रारीने कुणाचं नुकसान झालं. कुणाचं भलं झालं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

३

भलं झालं ते प्रतिक्षाचं. पण तिने स्वतः पत्र लिहिलं असेल, हे मनाला पटेना. विश्रामगृहात तिला तारीख ऐकून जो धक्का बसला तो सोंगाचा नव्हता. सोंग करणारे प्रवासी मी बावीस वर्षं ओळखत आले आहे. पास घरी राहिला म्हणणाऱ्या माणसाचे कान आधी लाल होतात. या पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

भागवत पोले घराच्या दारात मोटारीचा पंप उघडून बसला होता. मला बघून उठला नाही.

"आता काय ऱ्हायलं इचारायचं?" तो म्हणाला. "माझी पोरगी तुमच्या खेळापायी बिघडली. तीन जूनला लगीन धरलं व्हतं तिचं. एक जूनला अठरा पुरी व्हत्यात, कायद्यानं बराबर, म्हणून तीन तारीख. सोयरा जिल्हा परिषदेत हाय. आता ती म्हणती, मी सज्ञान हाय, मी बंगळूरला जाते. बापाला कायदा शिकवून राहिली!"

"तक्रार तुम्ही केली नाही?"

"मी करीन? तिचं वय वाढवून मला काय भेटलं? बट्टा."

"तिचा जन्म कुठं झाला, भागवतराव?"

"तिच्या मामाकडं, बाळापुराकडं. मी तवा बोअरच्या गाडीवर कर्नाटकात व्हतो. दोन महिन्यानं तोंड बघितलं लेकराचं. तारीख मला काय ठाव? अन् दवाखाना कुठून आला मधी, ते बी मला ठाव न्हाई. बायकोला इचारलं तर पदर तोंडात घालून बसती."

म्हणजे बापही सुटला. त्याला तारीख माहीत नव्हती, जागा माहीत नव्हती, आणि ज्या एक जूनची वाट बघत तो बसला होता ती त्या पत्राने त्याच्या हातातून काढून घेतली होती. माझ्या पट्टीवरची तिन्ही नावं खोडली गेली. हरीशला वेळ माहीत नव्हती, गुरुजींना तारीख, आणि बापाला काहीच.

मी फाट्यावर येऊन हिंगोलीची गाडी बघत उभी राहिले, तोच मागून पावलं वाजली. शालूबाई, प्रतिक्षाची आई. धावत आली होती. हातात जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं.

"बाई," ती म्हणाली, "तुमी मला वळखलं न्हाई का?"

मी म्हटलं, "सामन्याला येता ना तुम्ही कधी कधी."

"न्हाई. त्याच्या आधीचं." तिने गाठोडं सोडलं. आत एक खाकी कोट होता, धुऊन धुऊन पिवळट झालेला. खिशावरचा बिल्ला काढल्याची चार भोकं दिसत होती. "माझी पोरगी माहेरात बी झाली न्हाई अन् दवाखान्यात बी न्हाई. ती तुमच्या गाडीत झाली."

४

कोट माझाच होता.

हिंगोलीहून नांदेडला जाणारी सकाळची गाडी. कळमनुरीच्या अलीकडे मागच्या सीटवर एक अवघडलेली बाई कण्हायला लागली. सोबत फक्त म्हातारी आई. मी घंटी मारली, ड्रायव्हर नरसिंगने गाडी लिंबाखाली घेतली, पुरुष सगळे खाली उतरवले, आणि बायांनी आपापल्या साड्यांचे पदर धरून आडोसा केला. नरसिंग स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला होता, त्याला रक्ताचं भेव. लेकरू रडलं तशी मी घड्याळ बघितलं. वाहकाची सवय, काहीही झालं की आधी वेळ. लेकराला माझ्या कोटात गुंडाळलं आणि गाडी मार्ग सोडून थेट दवाखान्यात नेली. तो दिवस मला लख्ख आठवत होता. तारीख आणि वेळ मात्र धुऊन गेली होती. बाईचं तोंड घामाने आणि पदराने झाकलेलं, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

"भर गाडीत बाळंत झाले, गडीमाणसं खाली हुबी," शालूबाई म्हणाली. "माय म्हणली, सासरी कळलं तर जल्मभर बोलतील. कुणाला सांगायचं न्हाई. मालकाला आजवर ठाव न्हाई. यवढं लेकीला सांगितलं मी, वयात आल्यावर. ती हसली. म्हणली, आई, म्हणून मी पळती व्हय इतकी."

"तारीख आणि वेळ सांगितली तिला?"

"मला कुठं घड्याळ कळतंय, बाई? दिवाळीनंतरची गोष्ट, यवढंच सांगितलं."

"कोटाचं सांगितलं?"

"कोटाचं सांगितलं. कंडक्टरबाईचा हाय म्हणून."

गाडी आली. मी खिडकीशी बसले आणि पहिल्यांदा हिशेबाने विचार केला. पोरीला माहीत होतं की ती एसटीत जन्मली, कळमनुरीजवळ, आणि वाहकबाईने कोट दिला. तारीख तिला माहीत नव्हती. नरसिंगला जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवसाची तारीख आणि वेळ या दोन्ही गोष्टी जगात एकाच कागदावर एकत्र होत्या. गाडीला उशीर झाला की वाहकाला लेखी अहवाल द्यावा लागतो. मी दिला होता. मूळ प्रत आगाराने केव्हाच रद्दीत काढली, कार्बन प्रत माझ्या लोखंडी पेटीत होती.

माझ्या डाव्या हाताच्या बोटांत अजून सपनाने दिलेली नावांची पट्टी होती. मी ती उलगडली, पुन्हा दुमडली. उभी. वाहक नोटा अशाच धरतो, उभ्या दुमडून, बोटांच्या बेचक्यात. बाकीची दुनिया पत्र आडवं दुमडते, गुरुजींनी दुमडलं तसं. विश्रामगृहातला कागद उभा दुमडलेला होता आणि मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं, कारण माझ्या घरात कागद तसेच दुमडतात.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा.

घरी येऊन पेटी उघडली. कार्बन प्रत जागेवरच होती. "दिनांक चौदा नोव्हेंबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी महिला प्रवाशाने मुलीस जन्म दिला. गाडी दवाखान्यात नेल्याने उशीर. माझा गणवेशाचा कोट वापरात आल्याने नवीन मिळावा ही विनंती." खाली माझी वाकडी सही. वरचं अक्षर गोल, मोठं, ओळीवर बसवलेलं. बारा वर्षांच्या सपनाचं. मी सांगितलं होतं आणि तिने लिहिलं होतं.

मागे दाराची कडी वाजली.

५

सपना शाळेतून आली होती, गळ्यात शिट्टी. तिने पेटी बघितली, माझ्या हातातला कागद बघितला आणि चपला काढून भिंतीला टेकून बसली.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

मी काही विचारलंही नव्हतं.

"मॅचला कोल्हापूरला जाताना प्रतिक्षा म्हणली, ताई, मी यष्टीत जन्मले. कंडक्टरबाईच्या कोटात. गाडीत समद्या हसल्या. मला हसू आलं न्हाई. तू त्या दिवशी बिनकोटाची घरी आलती, थंडीची. मला आठवलं."

"तिला सांगितलंस?"

"न्हाई. तिला सांगितलं असतं तर ती नको म्हणली असती. तिला कळतं की माझी नोकरी कशावर हाय."

"अगं मग अर्ज करायचा ना! तारीख सुधारून घ्यायची!"

"कुठं करू? दाखला बदलायचा तर बापाची सही. बंगळूरच्या करारावर बापाची सही. क्लबातून सोडायचं तर बापाची सही. आई, मी समदे कागद वाचले. बापाच्या सहीबिगर चालतो असा एकच कागद व्हता. तक्रार." तिने शिट्टी गळ्यातून काढली. "शेवटची मॅच व्हऊ दिली. जिंकू दिली. मग टाकलं पाकीट."

"आणि तू?"

"मी काय? मी बत्तीस वर्षांची हाय. मला गोल वाचवता येतात, मारता येत न्हाईत. ती पोरगी मारती. ती तीन जूनला मांडवात बसली असती, आई. मग आपण तिचं केळवण करायला गेलो असतो अन् गोड बोलून आलो असतो."

मला अभिमान वाटला असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं सांगते, वाटला नाही. संताप आला. बावीस वर्षं मी गाडीत उभी राहून जिला वाढवलं तिने आपलं पान परक्या पोरीपुढे सरकवलं, आणि मला विचारलंही नाही. तिच्या जागी मी असते तर आईला विचारलं असतं का? तेही मला माहीत नाही. मी तिच्या अंगावर तो कागद फेकला. तिने तो उचलला, उभा दुमडला आणि पेटीत ठेवून दिला.

"आणि हरीश?" मी म्हटलं.

ती पहिल्यांदा गडबडली.

"त्याच्या गाडीची सीट फाडली कुणीतरी परवा. त्याच्या क्लासातून पोरं काढून घेतली लोकांनी. मी चोर म्हटलं म्हणून!"

"सरला बंदी व्हईल हे मला ठाव न्हवतं," ती हळू म्हणाली. "तो नियम मी वाचला न्हवता."

"मग जा, सांग."

"सांगते. पर सही झाल्यावर. आत्ता सांगितलं तर प्रतिक्षाला कळंल, अन् ती सही करणार न्हाई. मग ह्या समद्याचं काय झालं, आई? समद्यांचंच गेलं, अन् कुणालाच काही भेटलं न्हाई."

या पोरीने सगळा डाव मांडला होता आणि एक सोंगटी मोजायची विसरली होती. ती सोंगटी आता दोघींनाही उचलता येत नव्हती.

६

अठ्ठावीस मार्चला प्रतिक्षाने गुरुजींच्या ओसरीवर सही केली. स्वतःची. बाप घरातून बाहेर आला नाही. एकोणतीसला सकाळी ती आमच्याकडे आली, पाठीवर पिशवी, नांदेडची गाडी धरायला. सपनाने तिला धपाटे आणि दह्याचा डबा बांधून दिला. ती सपनाच्या पाया पडली आणि उठलीच नाही, तिथेच रडत बसली.

"ताई, तुमची नोकरी माझ्यापायी गेली," ती म्हणाली. "मला ठाव हाय कुणी केलं. हरीश सर. मी त्यांच्या पाया पडायला गेले न्हाई. ज्या हातानं ते पत्र लिवलं ना, त्या हाताला किडे पडतील. माझा तळतळाट लागंल त्याला. जल्मभर लागंल."

सपना डब्याला फडक्याची गाठ मारत होती. गाठ मारून झाली. तिने डबा त्याच हातांनी पुढे केला.

"असं बोलू न्हाई," ती म्हणाली. "खाऊन घे गाडीत. दही आंबंल."

मी तोंड उघडलं. सपनाने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं. आता सही झाली होती. आता सांगता आलं असतं. पण आता या पोरीला सांगायचं म्हणजे तिच्या पाठीवरच्या पिशवीत धोंडा घालायचा. ती परत आली असती, किंवा गेली असती आणि खेळता आलं नसतं तिला. सपनाला शाळेत तासाला जायचं होतं. तासावरच्या माणसाला रजा नसते, म्हणून स्टँडवर मी गेले.

गाडीत कंडक्टर नवा होता, पण ओळखीचा. मला बघून उठून उभा राहिला.

"नांदेड. एक फुल," मी म्हणाले. मला ते म्हणायचंच होतं. एवढं सगळं गेलं ते ही पोरगी पुरी मोजली जावी म्हणून.

तो हसला. "मावशी, तुमी आमच्यातल्याच ना? बायांना आता हाफच असतंय. कितीबी वय व्हऊ द्या." त्याने मशीनचं बटण दाबलं आणि अर्धं तिकीट तिच्या हातात दिलं. सवलत आहे, गरिबाला बरी आहे, मीही घेते. त्या दिवशी मात्र ती घशाखाली उतरली नाही.

गाडी गेली. वळले तर वाशीमच्या फलाटावर हरीश उभा. एक बॅग, आणि फुटबॉलची जाळी खांद्यावर. खोली सोडून गावी निघाला होता. टाळून जाता आलं असतं, पण त्याने मला बघितलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "दहा चाळीसचा शोध लागला का? तुमी फिरत व्हत्या म्हणं समदीकडं."

शर्टाला हात घालताना मी पंधरावीस माणसं जमवली होती. आता आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन शब्द पुरले असते. सपना सांगते म्हणाली होती, तिला ते झेपणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी सांगितलं तर हा माणूस गप्प बसेल, असं मी कशावरून धरू? गावात सांगेल, सांगणं त्याचा हक्कच आहे, आणि गावातून ते बंगळूरला पोचायला एक फोन लागतो.

"न्हाई," मी म्हणाले. "काही लागलं न्हाई हाताला."

त्याने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत मी खोटं बोलणारे हजार प्रवासी उतरवले. माझे कान तापलेले मला कळत होते.

"बरं," तो म्हणाला. "मग राहू द्या माझ्याच नावावर."

वाशीमची गाडी फलाटाला लागली आणि तो जाळी सावरत चढला. मी हात जोडले, पण तोवर त्याची पाठ फिरली होती.